आक्काच्या लग्नाची डीव्हीडी मी ओल्या फडक्यानं पुसली

कानात हेडफोन असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आधी एक खरखर ऐकवणार आहे.

[डिस्क फिरल्याचा, अडकल्याचा आणि पुन्हा फिरल्याचा आवाज]

ओळखलंत? तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हा आवाज कॉम्प्युटर लॅबमध्ये शेवटचा ऐकला असेल, काहींनी तर ऐकलाच नसेल. ही डीव्हीडी ड्राइव्ह आहे. आणि ती माझ्या आक्काच्या लग्नाची डीव्हीडी वाचायचा प्रयत्न करतेय.

आक्काचं लग्न मे 2013 मध्ये मोहोळला झालं. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळा होतो, म्हणजे मांडवातली सगळी पळापळ माझ्याकडे. लग्नाच्या चार डीव्हीडी आल्या होत्या. साखरपुडा, हळद, लग्न आणि वरात. त्या काळात लग्नाची डीव्हीडी आली की पाहुणे जमवून बघायची, आणि मग ती पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर. आमचीही तशीच गेली.

या दिवाळीत आक्का तिच्या मुलीला घेऊन माहेरी आली. भाची तिसरीत आहे. शाळेत तिला जात्यावरच्या ओव्या म्हणायच्यात. आई म्हणाली, "अगं, तुझी पणजी काय म्हणायची ओव्या! हळदीच्या रात्री म्हटल्यात की. शूटिंग आहे." आज्जी 2016 ला गेली. आणि तेव्हा घरात विचार केला तर लक्षात आलं, आज्जीचा आवाज दुसरीकडे कुठंच नाहीये. तिचे फोटो आहेत, आधार कार्ड आहे, पण आवाज फक्त त्या एका डिस्कवर.

मी पेटी काढली. चारही डिस्क प्लास्टिकच्या पाऊचमध्ये होत्या. वर आक्का आणि दाजींचा रंगीत फोटो, खाली नावं, तारीख, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात भाग 1, भाग 2 असं. खालच्या दोन जास्तच खराब झालेल्या, फोटोवर काळपट डाग, धूळ चिकटलेली. आणि मी, बी.टेक. झालेला माणूस, रोज सर्व्हरचे बॅकअप सांभाळणारा, काय केलं? फडकं ओलं केलं आणि चष्म्याची काच पुसावी तशी डिस्क पुसली.

पाच सेकंदांत आक्का आणि दाजी फडक्यावर आले. निळा, गुलाबी, पिवळा, सगळा रंग. घाबरून दुसरी बघितली तर तीही पुसून झाली होती. आईनं बघितलं आणि ती मटकन खालीच बसली. "पुसलंस? सगळं शूटिंग पुसलंस?"

तिला वाटलं चित्र गेलं म्हणजे आतलं लग्नही गेलं. हसू नका. मी ऑफिसमध्ये चार जणांना विचारलं, त्यातल्या दोघांना खात्रीनं सांगता आलं नाही की डिस्कमध्ये डेटा नेमका कुठं असतो. सगळे म्हणतात, चकचकीत बाजूला. बरोबर, पण अर्धंच.

सीडी घ्या. 1.2 मिलिमीटर जाडीची चकती. जवळजवळ सगळी जाडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. लेसर खालून त्यातून आरपार जातो. मग रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर चांदीसारखा परावर्तक थर, त्यावर लाखेसारखं अगदी पातळ संरक्षक कोटिंग, आणि त्यावर छपाई. म्हणजे सीडीत डेटा चकचकीत बाजूला नसतो, तो छपाईच्या बाजूला असतो, लेबलच्या अगदी खाली. खालून ओरखडा पडला तर प्लास्टिक जाड आहे, पॉलिश करून कधीकधी निघतो. वरून, म्हणजे लेबलकडून, नखानं खरवडलं तर परावर्तक थरच निघून येतो, आणि तो निघाला की तिथला डेटा गेलाच. आपण लहानपणी सीडी टेबलावर ठेवताना चकचकीत बाजू वर ठेवायचो, तिला ओरखडा नको म्हणून. म्हणजे नाजूक बाजू आपण टेबलावर घासत होतो!

डीव्हीडी वेगळी. तिच्यात 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि डेटा मध्ये, सँडविचमधल्या चटणीसारखा. त्यामुळं वरची छपाई गेली, पांढरा थर उडाला, तरी आतल्या माहितीला थेट काही होत नाही. हे आईला मी चहाच्या दोन बशा एकमेकींवर ठेवून समजावलं. ती म्हणाली, "मग लाव की."

लावली. भाग 1 चालला. भाग 4 पण चालला, वरातीतला माझा नाच आता भाचीच्या शाळेच्या ग्रुपवर आहे, तो विषय नको. पण ज्या दोन मी पुसल्या, त्या दोन्ही अडकल्या. लगेच सांगतो, पुसल्यामुळं नाही. त्या पेटीच्या तळाशी होत्या, ओल त्यांनाच जास्त लागली होती. ज्या कारणानं त्या मळलेल्या दिसत होत्या, त्याच कारणानं त्या आजारी होत्या. आजारी डिस्क वाचवायला एकेकीला कितीतरी तास लागतात. माझ्याकडं रजेचे चार दिवस, एक ड्राइव्ह, आणि दोन कोऱ्या पांढऱ्या चकत्या. यातली हळद कुठली आणि लग्न कुठलं?

मंडळी, इथं मला पहिल्यांदा कळलं की ती शाई म्हणजे नुसती सजावट नव्हती. "भाग 2" हे दोन शब्द फक्त त्या शाईत होते. दोन्ही डिस्कची सुरुवातच धड वाचली जात नव्हती. आणि वाचली असती तरी काय, चालणाऱ्या दोन डिस्कचं आतलं नाव बघितलं तर ते एकच होतं, स्टुडिओच्या सॉफ्टवेअरनं आपोआप दिलेलं.

मी स्टुडिओत गेलो. स्टुडिओचं नाव सांगणार नाही, काका भले आहेत. त्यांना विचारलं, काका, मूळ शूटिंग असेल का? ते म्हणाले, "अरे, कार्ड आम्ही पुढच्या लग्नाला वापरायचो. हार्डडिस्क भरली की जुनं उडवायचो. कोण दहा-बारा वर्षांनी येतंय विचारायला? तूच पहिला." मग मी शाईचं काढलं, तर त्यांनी कोपऱ्यातला प्रिंटर दाखवला. एप्सन एल 800. सहा रंगांच्या टाक्यांचा, डिस्कचा ट्रे असलेला. तुमच्याही गावातल्या फोटो स्टुडिओत तो किंवा त्याचा भाऊ एल 805 असेलच. डिस्क गेल्या, पण प्रिंटर अजून चालू आहे, कारण त्याच प्रकारच्या ट्रेत आता प्लास्टिकची कार्डं छापतात. तुमच्या पाकिटातलं एखादं ओळखपत्र त्यातूनच निघालं असेल.

काकांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. लग्नसराईत एका दिवसात चाळीस-पन्नास डिस्क छापायच्या. छापली की लगेच पाऊचमध्ये, पाऊच पिशवीत, पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात. शाई कंपनीची महाग पडायची म्हणून सोलापुरातून सुटी बाटली आणायची. "गिऱ्हाईक बघतंय तेव्हा फोटो उठावदार दिसला पाहिजे, बास."

आता यात चूक कुठं झाली ते नीट बघू, कारण इंकजेट छपाई टिकणं न टिकणं इथंच ठरतं.

साध्या प्लास्टिकवर पाण्याची शाई टिकत नाही, थेंब होऊन राहते. म्हणून छापायच्या डिस्कवर वर एक पांढरा थर देतात, जो शाई पितो. टीपकागदासारखा म्हणा. गंमत अशी की जो थर शाई पितो, तो नंतर पाणीही पितो. हवेतली ओल, हाताचा घाम, ओलं फडकं, सगळंच. शाईत दोन जाती. एक विरघळलेल्या रंगाची, तिला डाय इंक म्हणतात. दुसरी बारीक कणांची, पिगमेंट. डाय इंक चमकदार दिसते, फोटोला मस्त, पण पाण्यात परत विरघळते आणि उन्हात विटते. पिगमेंटचे कण पाण्याला आणि उजेडाला जास्त दाद देत नाहीत, पण ते वर बसतात, त्यामुळं चकचकीत थरावर घासले तर निघू शकतात. एल 800 ची शाई डाय. बाटली सुटी असली तर आत काय आहे ते बाटलीलाच माहीत.

जपानच्या ताइयो युडेन कंपनीनं यावर एक उपाय काढला होता. हीच ती कंपनी जिनं 1988 मध्ये सीडी-आर, म्हणजे घरी लिहिता येणारी सीडी, जगापुढं आणली. त्यांनी वॉटरशील्ड नावाच्या डिस्क विकल्या. थर असा की शाई आत ओढून घ्यायचा आणि वरून चकचकीत राहायचा, वाळल्यावर पाणी पडलं तरी छपाई पसरायची नाही. महाग होत्या. लग्नाच्या पॅकेजमध्ये त्या कोण घालणार? ताइयो युडेननं 2015 मध्ये डिस्कचा धंदाच बंद केला.

आणि तिसरी गोष्ट वाळवण. छपाई हाताला कोरडी लागते म्हणजे ती वाळली असं नाही. आत ओल असते. एक दिवस उघड्यावर ठेवावी, एकावर एक रचू नये, पाऊचमध्ये घालू नये. लग्नसराईत एक दिवस कोण थांबतंय? आमच्या डिस्क ओल्या अंगानं पाऊचमध्ये गेल्या, आणि त्या पाऊचनं मला वाचवलं.

झालं असं, की संध्याकाळी मी ते रिकामे पाऊच फेकायला उचलले. एक उजेडाकडं धरला तर आतल्या बाजूला दाजी दिसले! उलटे. म्हणजे आरशात दिसतात तसे. अकरा-बारा वर्षांत शाई हळूहळू पाऊचला चिकटत गेली होती आणि तिथं फोटोची पुसट उलटी नक्कल उमटली होती. तळाशी काहीतरी अक्षरं. मोबाईलनं फोटो काढला, आडवा उलटवला, कॉन्ट्रास्ट वाढवला. "भाग 2". दुसऱ्यावर आकडा नीट नाही, पण 3 सारखी वळणं दिसत होती.

पण कुठला पाऊच कुठल्या डिस्कचा? मी तर चारही बाहेर काढून गठ्ठा केला होता. यावर आक्कानं डोकं चालवलं, इंजिनिअरनं नाही. भाग 2 च्या पाऊचला डिस्कच्या पांढऱ्या थराचा नखाएवढा पोपडा चिकटून राहिला होता. तिनं दोन्ही डिस्क खिडकीत धरल्या. एकीवर तेवढाच, त्याच आकाराचा खड्डा. "ही बघ, ही हळद." सीडी असती तर त्या पोपड्याबरोबर बहुतेक परावर्तक थरही निघून आला असता. डीव्हीडी होती म्हणून ओळख पटली आणि माल शाबूत.

आता वाचवण्याचं काम. डीव्हीडीवर लिहिणं आतून बाहेर होतं, मधल्या भोकाजवळून सुरू होऊन कडेकडं. म्हणजे कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेला. आणि ओल कुठून शिरते? कडेनं, जिथं दोन चकत्यांचा सांधा उघडा असतो. आज्जी ओव्या म्हणायला बसली रात्री, सगळ्या बायकांचं हळद कांडून झाल्यावर. म्हणजे अगदी कडेला.

त्यात मोहोळचा उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त. लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये खड्डे कोरलेले नसतात. लेसरनं रंगद्रव्य तापवून त्यात खुणा केलेल्या असतात. उष्णता आणि ऊन तेच काम हळूहळू, सगळीकडं, न विचारता करत राहतात.

उन्हाचं बोललो म्हणून सांगतो. आमच्याकडं ज्वारी हुरड्यात आली की पाखरांसाठी शेतात जुन्या सीडी टांगतात. दोऱ्याला फिरत राहतात, चमकतात, पाखरं बिचकतात. डिस्कच्या टिकाऊपणाची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. एका बांधावर मी मुद्दाम बघितलं. इंकजेटची छपाई कुठंच नव्हती, नुसता मळकट पांढरा. कंपनीत स्क्रीन प्रिंटनं छापलेली सिनेमाच्या व्हीसीडीची अक्षरं मात्र विटकी का होईना, वाचता येत होती. काहींचा चांदीचा थर कडेनं सोलून आरपार दिसत होतं. पाखरांना काय, तीही चालते.

तर मी काय केलं? ड्राइव्हचा वेग कमी केला. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं कॉपी करतं, अडलं तिथं हटून बसत नाही, खूण करून पुढं जातं. मग परत येऊन अडलेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचतं, आणि कुठं काय राहिलं याचा नकाशा फाइलमध्ये ठेवतं. हा नकाशा फार कामाचा, कारण तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले तुकडे वाचायला सांगता येतं. माझ्या यूएसबी ड्राइव्हनं पहिल्या रात्री बाहेरच्या कडेचा बराच भाग सोडून दिला. मग शाळेतल्या मित्राच्या सायबर कॅफेतला जुना डेस्कटॉप आणला, धूळ झटकली. त्याच्या ड्राइव्हनं, काय सांगू, जी जागा माझ्या ड्राइव्हला दिसत नव्हती ती वाचली. प्रत्येक ड्राइव्हचा लेसर थोडा वेगळा असतो, त्यामुळं एकीनं हात टेकले म्हणून सोडू नका.

तिसऱ्या रात्री पावणेदोनला मी फाइल उघडली. आज्जी जात्यावर बसलेली. मागं कुणीतरी "जनरेटर बंद कर रे" म्हणतंय. आणि ती गातेय. मध्ये एका ठिकाणी चित्र चौकोन चौकोन होऊन थिजतं, आवाज तुटतो, अकरा सेकंद. मी मोजलेत. तो तुकडा कुठल्याच ड्राइव्हनं दिला नाही. बाकी सगळं आहे.

आई उठून आली होती. काही बोलली नाही. मी भाग 3 लावायला उठलो तर म्हणाली, "थांब, परत लाव."

आता थोडं इकडं तिकडं. आपल्या घरोघरी या डिस्क आल्या कुठून? दिल्लीची मोजर बेअर कंपनी आठवतेय? 1983 ची. नोएडा, ग्रेटर नोएडात कारखाने, आणि एक काळ असा की ती जगातल्या सगळ्यात मोठ्या डिस्क बनवणाऱ्यांपैकी एक होती. पुढं तिनं सिनेमाच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकल्या. पायरेटेडवाल्यांशी किमतीत टक्कर! 2018 मध्ये तिच्या लिक्विडेशनचा आदेश निघाला. आणि 2025 च्या फेब्रुवारीत सोनीनं लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. डिस्क तुमच्याकडं टिकेल, पण ती वाचणारं यंत्र मिळेल का, हा प्रश्न मला शाईपेक्षा मोठा वाटतो.

नाव पुसलं म्हणजे ओळख गेली, ही अडचण फक्त लग्नाच्या डिस्कची नाही. जालन्याची 2014 ची विधानसभा निवडणूक घ्या. अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. वाद असा, की उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर भरला का? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण व्हीसीडीवर होतं. ते पुरावा धरायचं का, यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि 14 जुलै 2020 ला कोर्टानं सांगितलं की मूळ उपकरण हजर न करता नुसती प्रत दिली तर कलम 65 ब चं प्रमाणपत्र हवंच. म्हणजे चकतीवर काय छापलंय किंवा लिहिलंय याला तिथं भाव नाही. आता 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या साक्ष कायद्यातल्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. फाइलचा अंगठा म्हणा, एक बिट बदलला तरी बदलतो. मी आज्जीच्या फाइलचा हॅश काढून ठेवलाय. आक्का म्हणते, याचं काय लोणचं घालायचं? पण पाच वर्षांनी कॉपी करताना फाइल बिघडली का, ते त्यावरूनच कळणार.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर. सगळ्यात आधी, काहीही न पुसता, डिस्कच्या वरच्या बाजूचा आणि पाऊचचा फोटो काढा. छापलेल्या बाजूला पाणी नाही, सॅनिटायझर नाही, चष्म्याचं लिक्विड तर अजिबात नाही. चकचकीत बाजू पुसायचीच असेल तर मऊ कोरड्या कापडानं, मधून कडेकडं सरळ, गोल गोल नाही. वर स्टिकर चिकटवू नका. डिस्क हजारो फेऱ्यांनी फिरते, स्टिकर जरा तिरका बसला की तोल जातो, आणि उचकटायला गेलात तर सीडीचा जीवच घेऊन येतो. अमेरिकेच्या मानक संस्थेनं 2003 मध्ये डिस्क सांभाळायची पुस्तिका काढली होती, त्यातही स्टिकर नको आणि सॉल्व्हंटची पेनं नकोत असंच आहे. पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा, तिथं खाली डेटा नसतो. डिस्क उभ्या ठेवा, डब्यात, पत्र्याखाली नको.

आणि हो, एम-डिस्क नावाची चीज मिळते, तिच्यात रंगद्रव्याऐवजी दगडासारखा थर असतो, आणि बनवणाऱ्यांचा दावा हजार वर्षांचा आहे. तीही इंकजेटनं छापता येईल अशी मिळायची. आतला डेटा हजार वर्षं आणि वरचं नाव पहिल्या ओल्या हातापर्यंत!

मी आज्जीची फाइल तीन ठिकाणी ठेवलीय. माझ्या लॅपटॉपवर, आक्काच्या पेन ड्राइव्हवर, आणि एका नव्या डीव्हीडीवर, कारण आईला हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं. डीव्हीडी साध्या पृष्ठभागाची घेतली, कड्यावर मार्करनं लिहिलं, भाग 2, हळद, मे 2013. आक्का हिरमुसली. "पहिल्यासारखा फोटो छापून दे ना वरती." मग काकांकडं गेलो. त्यांनी त्याच एल 800 वर तो फोटो कागदावर छापला, आणि या वेळी मी तो दुसऱ्या दिवशी, वाळल्यावर आणला. डिस्कच्या डबीच्या झाकणात आतून सरकवलाय.

भाचीचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे. अकरा सेकंदांच्या जागी काय म्हणायचं ते आई तिला शिकवतेय, तिला थोडंफार आठवतंय म्हणते.

तुमच्याकडं अडकलेली डिस्क असेल तर तिचा आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा. भेटू पुढच्या भागात.